करड्या विटांचं घर आणि त्याची बुडालेली पायरी

घराचा इतिहास शोधायचं वेड मला लागलं ते ओलीमुळे. इंग्लंडात रेडिंगच्या न्यूटाऊन भागात, केनेट नदीच्या अलीकडे, आम्ही हे रांगेतलं विटांचं घर घेतलं तेव्हा दर्शनी खोलीच्या भिंतीला गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागलेला होता. बोट फिरवलं की रंगाचे पोपडे सुटायचे. ओलीचं काम करणाऱ्या एका कंपनीचा माणूस आला, हातातल्या यंत्राच्या दोन सुया भिंतीला टोचल्या, यंत्र किंचाळलं आणि लगोलग काही हजार पौंडांचं अंदाजपत्रक आलं. भिंतीला ओळीनं भोकं पाडायची, त्यात रसायन भरायचं, आतून सिमेंटचा गिलावा. नवरा म्हणाला, करून टाकू, कटकट नको. मी साताऱ्याला बाबांना फोन लावला. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत, त्यांना असल्या फोनची वाटच असते.

"अगं, पैसे नंतर दे. आधी सांग, भिंत जाड किती? विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, कशानं भरलेत? आणि बाहेरून जोतं किती वर आहे?"

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच संध्याकाळी मिळाली. दाराच्या चौकटीपाशी टेप लावली, गिलावा वजा केला, नऊ इंच. म्हणजे एक विटेची भरीव भिंत, मधे पोकळी नाही. इथे दोन पदरी पोकळ भिंती सर्रास व्हायला दोन महायुद्धांमधला काळ उजाडला. त्याआधीची बहुतेक घरं अशीच. या भिंती पाणी थोडं पितात आणि ऊन-वारा मिळाला की चुन्याच्या मऊ दर्जांतून ते बाहेर टाकतात. आमच्या दर्जा मात्र राखाडी आणि दगडासारख्या टणक. मागे कधीतरी कोणी चुना खरवडून सिमेंट भरलं होतं. पाण्याची वाट बंद झाली, मग ते विटेतूनच निघू लागलं, आणि थंडीत गोठून विटांचे चेहरे उडाले. त्या सुयांच्या यंत्राचंही बाबांनी ऐकून घेतलं. "ते लाकडासाठी असतं. भिंतीत क्षार असले की कोरड्या भिंतीलाही ते ओरडेल."

तिसरा प्रश्न लोंबकळत राहिला. समोरच्या हातभर अंगणात काँक्रीट होतं, ते दारापर्यंत आलेलं, एक पायरी चढून आत. जोतं मुळात किती वर होतं, हे काँक्रीट बघून कसं कळणार? त्यासाठी घर बांधलं तेव्हा कसं होतं ते कळायला हवं होतं, आणि ते कधी बांधलं याचाच पत्ता नव्हता. एजंटच्या पत्रकात ‘सुमारे १९००’ लिहिलेलं. रांगेच्या मध्यावर, दोन घरांच्या मधोमध, दगडी पाटीत कोरलेलं साल १८७८. बाबा म्हणाले, "पाटीवर विश्वास ठेवू नकोस, सांधेमोड बघ, विटा एकमेकींत गुंतल्यात का ते."

तेव्हा आधी भिंत वाचायला शिकले. रेडिंगच्या विटा इंग्लंडात ओळखल्या जातात त्या त्यांच्या रंगांमुळे. गावाच्या पश्चिमेला टाइलहर्स्टला आणि दक्षिणेला केट्सग्रोव्हला चांगली माती, तिथे भट्ट्या. इथल्या मातीच्या थरांना भूशास्त्रात रेडिंगचंच नाव आहे. लाल विटांच्या जोडीला इथे निळसर झाक असलेल्या करड्या विटा निघत, आणि मजुराच्या घरालासुद्धा इथले बांधणारे दोन-तीन रंगांची नक्षी देत. आमच्या दर्शनी भिंतीत अंग करडं, खिडक्या-दारांच्या कडा आणि कमानी लाल, वर वळचणीखाली पिवळट विटांचा एक पट्टा. रचना ‘फ्लेमिश बाँड’ म्हणतात ती. प्रत्येक थरात एक वीट लांबीनं, एक डोक्यानं, पुन्हा लांबीनं. विटांवरचा कर १८५० मध्ये उठला, खिडक्यांवरचा १८५१ मध्ये, आणि लंडनहून येणारी ग्रेट वेस्टर्न रेल्वे रेडिंगला १८४० मध्येच पोचली होती. त्यामुळे वेल्सची स्लेट छपरावर, जवळची वीट भिंतीत, हे गिरणी-कारखान्यातल्या माणसाच्या भाड्याच्या घरालाही परवडू लागलं. मागची भिंत मात्र साधी, एकरंगी, स्वस्तातल्या विटांची. मागे कोण बघतंय!

समोर रस्त्यावर उभी राहून मी थर मोजत होते तेव्हा डावीकडच्या शेजारणीच्या आणि आमच्या घराच्या मधे, पावसाच्या पाइपामागे, ती रेघ दिसली. जोत्यापासून वळचणीपर्यंत सरळ उभा सांधा. एकही वीट एकमेकांत गुंतलेली नाही आणि दोन्हीकडचे थर अर्ध्या बोटानं वरखाली. पाइप नेमका तिथेच बसवलेला. उजवीकडे मात्र पुढच्या तीन घरांपर्यंत विटा अखंड विणलेल्या. म्हणजे १८७८ ची पाटी डावीकडच्यांची. आम्ही चौघं नंतर येऊन टेकलेलो. बाबांना फोटो पाठवला. उत्तर आलं, "बघ, म्हटलं नव्हतं?"

आता कागद. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे इंग्लंडचेही जुने नकाशे इंटरनेटवर फुकट ठेवलेत, मैलाला पंचवीस इंच या प्रमाणाचे. त्यात घरामागचा संडाससुद्धा स्वतंत्र चौकोन म्हणून दिसतो. १८७० च्या दशकातल्या मोजणीत आमच्या जागी मोकळी जमीन. १८९० च्या दशकाच्या अखेरच्या सुधारित पत्रकात अख्खी रांग. वीस वर्षांची खिडकी मिळाली, ती आवळायला जनगणना.

इथे थोडं सविस्तर सांगते, कारण घर शोधणारे बहुतेक इथेच अडकतात. आजचा घर क्रमांक जुन्या जनगणनेत टाकून उपयोग नाही. आधी प्रत्येक रांगेला स्वतःचं नाव आणि स्वतःचे आकडे असायचे, रस्त्याचे सलग क्रमांक मागाहून आले. त्यामुळे न हलणारी एखादी खूण पकडायची आणि गणना करणाऱ्यामागून पावलं मोजत जायचं. माझी खूण होती कोपऱ्यावरचा पब. १८८१ ची गणना ३ एप्रिलची. पबमालकाचं कुटुंब, मग एकेक घर, माणसं, वयं, धंदे, जन्मगावं. जुन्या रांगेतलं शेवटचं घर संपलं आणि पुढच्या ओळीत माणसंच नाहीत. गणना करणाऱ्यानं रिकाम्या घरांसाठी ‘यू’ आणि बांधकाम चालू असलेल्यांसाठी ‘बी’ लिहायचं अशी सोय त्या वहीत होती. तिथे लिहिलं होतं : ४ बी. तो मनुष्य एप्रिलच्या त्या दिवशी वही घेऊन आमच्या दारावरून गेला होता, फक्त दार अजून बसलेलं नव्हतं. मी रात्री बाराला नवऱ्याला उठवून ते अक्षर दाखवलं. त्यानं "छान" म्हटलं आणि कूस बदलली.

१८९१ मध्ये त्या चारही घरांत माणसं आहेत आणि धंद्याच्या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच शब्द, बिस्किट. हंटली अँड पामर्सचा कारखाना इथून चालत पाच-दहा मिनिटांवर, किंग्ज रोडला, १८४६ पासून. १९०० च्या सुमारास तिथे पाच हजारांवर माणसं कामाला होती आणि न्यूटाऊनच्या रांगा मुख्यतः त्यांच्यासाठी उठल्या. भट्टीवाला, पॅकर, डबे भरणाऱ्या मुली. १९११ च्या गणनेचा कागद तर घरच्या कर्त्यानं स्वतःच्या हातानं भरलेला असतो. त्या वर्षी बायकांबद्दल एक रकाना होता : लग्नाला वर्षं किती, जिवंत जन्मलेली मुलं किती, हयात किती, गेलेली किती. आमच्या घरातल्या बाईसमोर नऊ, सहा, तीन. नवऱ्याचं अक्षर गिचमिड, पण हे आकडे ठळक. खोल्यांच्या रकान्यात पाच, आणि त्यात राहणारी माणसं आठ. नावं इथे लिहीत नाही. त्यांची पणतवंडं याच गावात असायची शक्यता आहे.

१९२१ ची गणना शंभर वर्षं कुलूपबंद राहून जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. तिच्यात मालकाचं आणि कामाच्या जागेचं नाव लिहायचं होतं, त्यामुळे ‘बिस्किट’चा नक्की कारखाना कळला. १९३१ ची १९४२ मध्ये आगीत जळली, १९४१ ची युद्धामुळे झालीच नाही. मधली पोकळी २९ सप्टेंबर १९३९ ला, युद्ध सुरू झाल्या झाल्या केलेल्या नोंदवहीनं भरते. ती वही पुढे आरोग्यसेवेनंही वापरली, म्हणून त्यात लग्न झालेल्या मुलींची आडनावं खोडून वर नवी लिहिलेली दिसतात, आणि ज्यांच्या जन्माला शंभर वर्षं झालेली नाहीत आणि मृत्यूची नोंदही सापडत नाही अशांच्या ओळी अजून काळ्या पट्टीखाली झाकलेल्या आहेत. आमच्या घरात अशी एक पट्टी आहे.

पण मला हवं होतं जोतं. ते सापडलं कोली अॅव्हेन्यूवरच्या काउंटी अभिलेखागारात, बांधकाम मंजुरीसाठी दिलेल्या नकाशांच्या गठ्ठ्यात. १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानं नगरपालिकांना घरबांधणीचे उपविधी करायचे अधिकार दिले, १८७७ मध्ये सरकारनं नमुन्याचे उपविधी काढले. रस्त्याची रुंदी, सांडपाणी, घरामागे किमान १५० चौरस फूट मोकळी जागा, भिंतीत पायाशी ओल अडवणारा थर, हे सगळं त्यातलं. एकाला एक पाठ लावून बांधलेल्या, मागे दार-खिडकीच नसलेल्या घरांत पटकीनं माणसं मेली होती, त्याला हे उत्तर होतं. म्हणजे त्या काळात मजुरासाठी चार घरं बांधायची तरी आधी नकाशा काढून द्यावा लागे.

लिननच्या कापडावर काढलेला तो नकाशा अभिलेखागारातल्या बाईंनी फोमच्या पाचरींवर उलगडला, कोपऱ्यांवर कापडी सापासारखी वजनं ठेवली. विटांच्या भिंती गुलाबी, लाकूड पिवळं, जमीन करड्या छटेत. पुढची बैठक, मागचं स्वयंपाकघर, मधे आडवा जिना, पाठीमागे बाहेर आलेली मोरी आणि तिच्या वर तिसरी झोपायची खोली, परसात संडास आणि कोळशाची कोठडी. सादर केल्याचं साल १८८०. अर्ज करणाऱ्याचा धंदा गावच्या डिरेक्टरीत सुतार असा सापडला. ते तसं नेहमीचं : छोटा कारागीर, उसनवारीचे पैसे, एका वेळी चार-सहा घरं, विकून टाकायची आणि पुढच्या तुकड्याकडे वळायचं. त्याच्या उभ्या छेदात जमिनीच्या वर भिंतीत एक जाड काळी रेघ होती, तो ओल अडवणारा थर. आणि दारापुढे पायऱ्या दोन.

आज एक आहे.

घरी येऊन काँक्रीटची कड फोडायला माणूस लावला. सहा इंचांवर दुसरी पायरी निघाली, कड झिजलेली, अखंड. तिच्या बाजूला भिंतीत, काँक्रीटच्या पातळीखाली, दर्जेत बसवलेले स्लेटचे पातळ तुकडे, एकावर एक दोन. सुताराची काळी रेघ. ती गेली कित्येक वर्षं जमिनीखाली गाडलेली होती, आणि फरशीखालच्या लाकडी तुळयांना हवा देणारी जाळीची वीटही अर्धी बुजलेली. थर नादुरुस्त नव्हताच. जमीन त्याच्या डोक्यावरून गेली होती. रसायन भरून काय होणार होतं, ते त्या कंपनीला विचारायची मला अजून इच्छा होते.

अंगण मूळ पातळीला आणलं, भिंतीलगत खडीची चर काढली. मग दर्जा. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधायला जेवढा वेळ गेला तेवढा कुठल्याच कागदाला गेला नाही. तो ऑक्सफर्डशायरहून यायचा, साठीचा, कमी बोलणारा. ग्राइंडर लावायला त्यानं साफ नकार दिला. विटांच्या कडा जातात, म्हणाला. अरुंद छिन्नी आणि हातोडी, दर्जेच्या रुंदीच्या दुप्पट खोल, दिवसाला जेमतेम चादरीएवढी जागा. वरच्या खिडकीखाली एक करडी वीट हलत होती. ती त्यानं दोन बोटांनी ओढून काढली आणि माझ्या हातात दिली. अर्धीच होती. मला वाटलं तुटली. त्यानं शेजारची डोक्यानं लावलेली काढली, तीही अर्धी. तिसरीही.

सगळे अद्धे. समोरून बघावं तर पक्का फ्लेमिश बाँड, डोक्यानं लावलेली प्रत्येक वीट नऊ इंच आत जाऊन पुढची-मागची भिंत बांधून धरतेय असा आव. प्रत्यक्षात साडेचार इंचांची करडी कातडी आणि तिच्यामागे ओबडधोबड लाल विटांची दुसरी भिंत. काही थरांमागे एखादी पूर्ण वीट आत गेलेली, तेवढाच बांध. हिशेब सरळ आहे. दर्शनी करडी वीट महाग. एक फोडली की दोन डोकी मिळतात. आतल्या विटांची जाडी वेगळी, त्यामुळे थर जुळत नाहीत आणि आत वीट घालायची म्हटली तरी बसत नाही. गवंडी म्हणाला, या काळातल्या भाड्याच्या घरांत हे तो नेहमी बघतो. त्यानं ओळंबा सोडला. दोन खिडक्यांच्या मधे भिंतीला दीड इंच पोट आलेलं. नकाशात असलं काही नसतं, तिथे भिंत सलग गुलाबी आहे. मंजुरी देणारा साहेब छेद बघून सही करून गेला आणि सुतारानं आत काय घातलं ते १८८१ पासून कोणी पाहिलं नव्हतं.

त्या सुताराचा मला राग यायला हवा होता, आला नाही. त्यानं स्लेट नीट घातली होती, पायऱ्या नकाशाबरहुकूम दिल्या होत्या, आणि त्याची भिंत एका महायुद्धातून नव्हे, दोन्हींतून उभी राहिली. काटकसर केली ती दिखाऊ विटेत. स्टेनलेस स्टीलच्या पिळदार सळया दर्जांतून तिरक्या घालून गवंड्यानं दोन्ही पापुद्रे एकमेकांना शिवले. अद्धे परत जागेवर गेले. दर्जांना जलीय, म्हणजे ओलाव्यातही घट्ट होणारा, चुना आणि खरखरीत वाळू. दुपारी भरायचं, संध्याकाळी ताठ केसांच्या ब्रशनं ठोकायचं, रात्री ओलं गोणपाट टांगायचं. पारा पाच अंशांखाली उतरला की काम बंद. गोणपाटाचा फोटो बघून बाबांनी लगेच फोन केला. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला जुन्या सरकारी इमारतींच्या दुरुस्तीला चुन्याच्या घाण्यात मळलेला चुना यायचा, त्याला गूळ-बेलफळ घालणारे मिस्त्री, असं पाऊण तास.

लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातही एकदा जाऊन आले, खरं तर आता गरज नव्हती. १९१० च्या कायद्यानं तेव्हाचा अर्थमंत्री लॉइड जॉर्ज याच्या अर्थसंकल्पातला जमिनीच्या मूल्यवाढीवरचा कर बसवायचा म्हणून देशातल्या घराघरांची मोजदाद झाली, तिच्या वह्या तिथे आहेत. एका वहीत शंभर मिळकती, प्रत्येकीला चार पानं. आमच्या चार पानांत : विटा आणि स्लेट, पाच खोल्या, मोरी, संडास बाहेर, साप्ताहिक भाड्यानं, घरपट्टी मालक भरतो, आणि दुरुस्तीच्या रकान्यात ‘बरी’. चारही घरांचा मालक एकच, रेडिंगमधली एक विधवा. त्या काळी साठवलेला पैसा गुंतवायची ही नेहमीची जागा होती. १९१५ मध्ये युद्धामुळे भाडी गोठवली गेली, आणि असल्या मालकांना घरात रस उरला नाही. आमचं घर भाडेकरूनंच पुढे विकत घेतलं, हे जुन्या खरेदीखताच्या प्रतीतून कळतं.

डावीकडच्या आजी बार्बाडोसहून साठच्या दशकात आल्या, तेव्हापासून त्या घरात. अंगणाच्या दगडी कडेवर ओळीनं शिशाचे ठिपके आहेत, त्यांत लोखंडी कठडा रोवलेला असायचा. युद्धात सरकारनं कापून नेला. हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मला माहीत होतं, आधीच्या मालकिणीनं सांगितलं होतं." आता त्यांनाही त्यांच्या १८७८ च्या भिंतीतल्या विटा पूर्ण आहेत की अद्धे ते बघायचंय. सैल वीट एकही सापडत नाहीये, त्यामुळे त्या जरा खट्टू आहेत.

आमची भिंत वाळतेय. गवंड्याचा आडाखा, जाडीच्या इंचाला एक महिना; नऊ इंच म्हणजे पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आतून गिलावा नाही. बैठकीत पाहुणे उघड्या विटा बघून सध्याची फॅशन समजतात आणि कौतुक करतात. नवरा त्यांना दुरुस्त करत नाही.